उजव्या बांधावरचं तण

आमच्या पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर काळा फळा आहे. डाव्या अर्ध्यात कारकून सूचना लिहितो, उजव्या अर्ध्यात गावच्या भाजीबागेच्या बातम्या. सूचना वाचून गाव गप्प होतं आणि बातम्या वाचून हसतं. विश्वास मात्र दोन्हींवर ठेवत नाही. मागे 'रस्ता रुंद होणार' असं फळ्यावर आलं, तेव्हा रस्ता होता तेवढाच राहिला आणि कडेच्या लोकांच्या ओसऱ्या गेल्या. तेव्हापासून इथं सूचना खालून वर वाचतात. खरी मेख शेवटच्या ओळीत असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या वर्षी पाऊस हात राखून पडला होता. थंडी सरली तशी फळ्यावर सूचना आली, की बांधकामाला विहिरीचं पाणी वापरू नये. गावात गवंडी एकच. त्याने ती सूचना उभ्याउभ्या वाचली, थापी आणि ओळंबा गोणपाटात गुंडाळला आणि घरी येऊन उंबऱ्यावर बसला. पाण्यावाचून सिमेंट कालवायचं तरी कसं? मग तो काम शोधत आसपासच्या गावांत हिंडायला लागला आणि बहुतेक दिवशी धुळीने माखलेले पाय तेवढे घेऊन परत यायला लागला.

घर चालत होतं ते त्याच्या बायकोच्या वाफ्यावर. तिला सगळे गवंडीण म्हणत.

हा वाफाही फळ्यावरूनच आला होता. कपडे धुण्याच्या दगडांमागे गावाचा जुना उकिरडा होता. पंचायतीने तो उपसला, कुंपण घातलं, धुण्याचं सांडपाणी वाळूतून गाळून हौदात सोडलं आणि जाहीर केलं, की घराला एक वाफा, त्यात भाजी करा. नाव ठेवलं गावबाग. लोक म्हणाले, साबणाच्या पाण्यावरची वांगी फेसाळ लागतील. वांगी आली, काळीभोर आली, आणि हसणाऱ्यांनीच आधी तोडून नेली.

बागेच्या त्या सूचनेची शेवटची ओळ अशी होती: 'जो वाफा पडीक दिसेल तो काढून, प्रत्यक्षात जो कसत असेल त्यास देण्यात येईल. उन्हाळ्याच्या तोंडी पाहणी होऊन वाफे कायम करण्यात येतील.'

गावाने ही ओळ वाचली आणि सोडून दिली. गवंडिणीच्या सासूने ती सुनेकडून पुन्हापुन्हा वाचून घेतली.

"कसत असेल त्यास," म्हातारी म्हणाली. "म्हणजे आपण नाही कसला तर?"

"तर जो कसेल त्याला."

"हं. ऐकलेलं आहे हे."

तिचं ऐकलेलं होतं ते असं. तिच्या नवऱ्याचं ओढ्याकाठी शेत होतं. एका वर्षी बैलगाडीवरून पडून त्याचा पाय मोडला. तेव्हा त्याचा चुलतभाऊ दारात आला आणि म्हणाला, "दादा, जमीन पडीक ठेवू नकोस. तुझा पाय बरा होईपर्यंत मी नांगरतो. आपण काय परके आहोत?" चुलतभाऊ डावखुरा, म्हणून त्याला सगळे डावरा म्हणत. पाय बरा झाला, पण नांगर काही शेतातून निघाला नाही. आणखी एक पीक, मग आणखी एक. शेवटी विचारलं, तर डावरा चारचौघांत म्हणाला, "कसतो मी. मग शेत कोणाचं?" पंचांनी मान हलवली. म्हातारीचा नवरा त्या दुःखातच गेला, पोराने हातात थापी घेतली आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या. या घराला नंतर कुंडीभरही माती राहिली नव्हती. डावऱ्याच्या घराशी बोलणं बंद, येणंजाणं बंद. गवंडीण लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिली ओळख करून दिली ती कुंपणापलीकडून जाणाऱ्या एका पाठमोऱ्या माणसाची. "तो बघ. फुकट राबायला आला होता."

तेव्हा या वाफ्याकडे त्या घरात नुसती भाजी म्हणून कोणी बघत नव्हतं.

गवंडीण सकाळी धुणं उरकून तिथंच वाफ्यात जायची. हौदातून बादली काढायची, कमरेला हिसका बसायचा, आणि काठापर्यंत भरलेलं पाणी वाफ्याशी पोचेपर्यंत दोन बोटं खाली गेलेलं असायचं. वांगी, मिरची, टोमॅटो आणि कडेला घेवड्याचे वेल. शेजारचा वाफा शिंपिणीचा. शिंपीण बोलायला कैचीसारखी, पण मनाने बरी. वेल बांधायला ती सगळ्यांना चिंध्या द्यायची. त्यामुळे बागेतली प्रत्येक काठी कोणाच्या तरी झंपराचा नाहीतर लेंग्याचा तुकडा गुंडाळून उभी होती.

मग म्हातारी मोरीत घसरली. हाड मोडलं नाही, पण कंबर अशी धरली, की कुशीवरसुद्धा वळता येईना. गवंडी तेव्हा लांबच्या गावी कामाच्या आशेवर गेलेला. गवंडिणीला उसंत मिळेना. शेक द्या, उचलून बसवा, पुन्हा निजवा, अंथरूण बदला. म्हातारी हाडापेराने मोठी. उचलताना सुनेच्या मानेतली शीर ताठायची, आणि तिचं सगळं लक्ष दाराबाहेरच्या उन्हाकडे असायचं. या उन्हात मिरची आज गेली, वांगी उद्या जातील.

"जा ना तू," म्हातारी म्हणायची. "मी पडून राहते."

"आणि मध्येच उठायला गेलात म्हणजे?"

शेवटी गवंडी परत आला, आईजवळ बसला, आणि गवंडीण धावत बागेत गेली. वाळलेल्या काड्या बघायची तिने मनाची तयारी केली होती.

वाफा ओला होता.

ती बांधावरच थांबली. वांग्यांच्या बुडाला मातीची भर घातलेली होती. तण काढलेलं होतं. घेवड्याचा लोंबणारा वेल वर घेऊन नव्या चिंधीने बांधला होता. बाजूला न्हाव्याचा वाफा, तो लेकीकडे गेलेला, तोही ओला होता, पण ते नेहमीचंच होतं. कोणी गावाला गेलं की बाकीचे हात लावायचे. गवंडिणीच्या डोक्यात मात्र ते आलं नाही. दुधाने तोंड पोळलेल्या घरात ती आली होती, ताक फुंकून पिणं तिला शिकवावं लागलं नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की तिच्या वाफ्यात दुसरं कोणीतरी राबून गेलं आहे, आणि पाहणी जवळ आली आहे.

तिने सगळ्या चिंध्या सोडल्या आणि सुतळीने पुन्हा बांधलं.

त्यानंतर ती सकाळी यायची आणि दुपारी सासूसाठी घरी जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात काहीतरी नवं झालेलं असायचं. एकदा पिवळी पानं खुडलेली. एकदा मिरचीवरचा मावा राख मारून घालवलेला. आणि एकदा बांधाच्या कडेने, तिने कधी टाकलीच नव्हती, ती मेथी उगवून वर आली.

"पेरलंसुद्धा," ती घरी येऊन म्हणाली. "अहो, पेरलंसुद्धा कोणीतरी."

गवंडी विडी विझवत म्हणाला, "चोर भाजी नेतात. हा आणून घालतोय. असा चोर मला भेटला असता तर मी भिंती बांधून घेतल्या असत्या त्याच्याकडून."

"तुमचं हसणं बंद करा. शेत कसं गेलं?"

त्या घरात हा प्रश्न विचारला की बोलणं संपायचं.

तिने मेथी उपटली. फेकायला कुंपणापर्यंत गेली, पण कोवळी हिरवी जुडी हातून सुटेना. बाजारात तशी भाजी बघायलाही मिळत नव्हती. पदरात घालून तिने ती घरी आणली आणि शिजवली. म्हातारीने ताटात बोट घातलं, विचारलं, "ही आपली?" सून खोटं बोलू शकली नाही. म्हातारीने ताट सरकवलं. गवंड्याने खाली मान घालून सगळी खाल्ली, गवंडीण मात्र त्या दिवशी कोरडंच जेवली.

संशय पहिल्यांदा गेला तो शिंपिणीवर. तिचं घर मोठं, वाफा लहान पडतो असं ती येताजाता म्हणायची. शिवाय चिंध्या.

"माझ्या वेलाला तुम्ही हात लावला का?" गवंडिणीने बांधावरून विचारलं.

"मी? मला माझे वेल आवरत नाहीत."

"मग मी सोडली ती चिंधी कोणाची? निळी?"

शिंपीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या चिंध्या गावभर आहेत. तुझ्या सासूच्या उशीतही माझ्याच चिंध्या आहेत. तिथं पण मी येऊन निजते, असं म्हणणार का तू?"

"मी फक्त विचारलं."

"विचारलं नाहीस. बोट दाखवलंस." आणि शिंपिणीने पाठ केली. त्या दिवसापासून ती बादली भरायलासुद्धा हौदाच्या पलीकडच्या बाजूने जायला लागली.

मग गवंडीण पंचायतीत गेली. कारकून टेबलाशी खडू टोकरत बसला होता.

"तक्रार काय लिहू?" तो म्हणाला. "माझ्या वाफ्याला कोणीतरी पाणी घातलं?"

"हो."

"बाई, पाणी नेलं तर गुन्हा. घातलं तर काय?"

"तुमच्या खुर्चीत रोज दुपारी कोणी येऊन बसलं, तुमची कामं केली, तर चालेल तुम्हाला?"

कारकुनाने खुर्ची जरा पुढे ओढली. हे मात्र त्याला कळलं. संध्याकाळी फळ्यावर आलं: 'काही व्यक्ती परवानगीशिवाय इतरांच्या वाफ्यांत काम करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. हा प्रकार त्वरित थांबवावा.' आणि उजव्या अर्ध्यात: 'बागेत घेवड्याला शेंगा लागल्या आहेत. परस्पर सहकार्याबद्दल सर्वांचे आभार.'

लोकांनी सूचना खालून वर वाचली, वरून खाली वाचली, आणि प्रत्येकाला वाटलं की बोट आपल्याकडेच आहे. कुठंतरी पाणी मुरतंय, असं जो तो म्हणायला लागला. न्हाव्याच्या वाफ्याला पाणी घालायला कोणी पुढे होईना. कोण म्हणेल, याचा डोळा आहे म्हणून? त्याची कोथिंबीर आधी पिवळी आणि मग पांढरी पडली, आणि येणारेजाणारे हळहळत तिच्या कडेने भरलेल्या बादल्या नेत राहिले. कोणाचा भोपळ्याचा वेल शेजारच्या हद्दीत गेला तर तो उचलून परत टाकायचीही चोरी झाली. पूर्वी बागेत भाजीपेक्षा गप्पा जास्त पिकायच्या. आता नुसता बादल्यांचा आवाज यायचा.

आणि एवढं होऊनही गवंडिणीच्या वाफ्यातलं काम काही थांबलं नाही.

म्हातारी आता भिंतीला टेकून बसायला लागली होती. सून तिच्या कमरेला तेल लावत होती. म्हातारीने सहज विचारलं, "तण काढतो ना तो? काढलेलं तण कुठं टाकतो?"

"टाकतो बांधावर. नीट ढीग करून."

"कुठल्या बांधावर?"

"फाटकाकडून आलं की... उजव्या."

म्हातारीने सुनेचा हात धरला. "नीट आठव. आपण खुरपं उजव्या हातात धरतो. तण डाव्या हाताने उपटून डावीकडे टाकतो. उजवीकडे कोण टाकतं?"

गवंडिणीची बोटं तेलकट तशीच थांबली.

"ओढ्याकाठच्या शेतात तणाचे ढीग उजव्या बांधावर असायचे," म्हातारी म्हणाली. "सगळी पिकं. मी दुरून बघायची. आपल्या शेतात मी दुरून बघायची." तिने सुनेचा हात आणखी घट्ट धरला. "एक घास पचला, आता बोट चाटायला आला. त्याला वाफ्यातून काढ. तो नाही निघाला, तर मला उचलून नेऊन त्या वाफ्यात ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी गवंडीण घरी गेलीच नाही. बागेत अवजारांची एक पत्र्याची खोली आहे. तिच्यात ती फावड्यांच्या मागे बसून राहिली. पत्रा तापलेला, आत शेणखताचा वास, घाम पाठीवरून ओघळत होता. बाग रिकामी झाली. मग फाटक वाजलं.

डावरा आला. ती त्याला इतकी वर्षं पाठमोराच बघत आली होती. समोरून बघितलं तर नुसता वाळलेला म्हातारा. बादली त्याला झेपत नव्हती. तेलाचा रिकामा डबा अर्धा भरून तो दोन्ही हातांनी पोटाशी धरायचा आणि पाय ओढत आणायचा. ओतताना एक हात झाडाच्या बुडाशी धरायचा, म्हणजे माती उडू नये. प्रत्येक खेपेनंतर हौदाच्या काठावर बसून धापा टाकायचा. मग तो उकिडवा बसला, डाव्या हातात खुरपं घेतलं, आणि उपटलेलं तण उजवीकडे पडायला लागलं.

तिच्या मनात क्षणभर कीव आली. तिने ती तिथंच दाबली. शेतातही तो असाच मन लावून राबला असणार.

ती बाहेर आली. "काका."

लग्न झाल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. तो दचकला नाही. हातातलं तण उपटून त्याने बाजूला ठेवलं.

"वाफा माझा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग इथं काय करता?"

"वाळत होता."

"वाळला असता तर माझा वाळला असता. तुमचं काय जात होतं?"

त्याने तळहाताची माती पुसली. "वहिनी उठून बसते का आता?"

"माझ्या सासूचं नाव काढू नका तुम्ही." तिला रडू येत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता. "पाहणीला विचारतील, कोण कसतं म्हणून. काय सांगणार आहात?"

"जे आहे ते सांगेन."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जे आहे ते." त्याने डबा उचलला आणि तो फाटकाकडे निघाला. "टोमॅटोला आता काठी उंच लागेल," एवढं जाताना म्हणाला.

गवंडिणीने त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. गवंडी चिडला नाही, घाबरला. "त्याने तेव्हाही चारचौघांत हेच म्हटलं होतं," तो म्हणाला. "कसतो मी. बाबा खाली मान घालून उभे होते. मी त्यांचं बोट धरून होतो." मग तो म्हणाला, "या वेळी मी येतो तुझ्याबरोबर."

पाहणीच्या दिवशी जो तो आपापल्या बांधावर उभा होता. सरपंचबाई छत्री घेऊन पुढे आणि कारकून वही घेऊन मागे. वाफा कोणाचा, कसतं कोण, शेजाऱ्यांची हरकत आहे का, एवढेच प्रश्न. न्हाव्याचा वाफा बघून सरपंचबाई म्हणाल्या, "हा पडीक." न्हावी नुकताच परतला होता. तो म्हणाला, "दरवर्षी मी गेलो की लोक पाणी घालतात, बाई." कारकून वहीत बघत राहिला आणि लोक एकमेकांकडे बघायचं टाळत राहिले. गवंडिणीला वाटलं, ती पांढरी कोथिंबीर आपणच उभ्याउभ्या जाळली. सरपंचबाईंनी तो वाफा तूर्त तसाच ठेवला.

मग ते गवंडिणीपाशी आले, आणि गर्दीतून डावऱ्याचा मुलगा पुढे झाला. याला सगळे कोंबडीवाला म्हणतात. ओढ्याकाठच्या त्या शेतावर आता पीक नाही, त्याची कोंबड्यांची शेड आहे. कपडे इस्त्रीचे, बाहीवर एक पीस चिकटलेलं. त्याच्यामागे डावरा, डबा न घेता, रिकाम्या हातांनी.

"नियमाप्रमाणे व्हावं, एवढंच म्हणणं आहे," कोंबडीवाला म्हणाला. "हा वाफा नावाला यांचा. कसतोय माझा बाप. सगळ्यांनी बघितलंय. आम्ही तेव्हा वाफा मागितला नव्हता, आता हवा आहे. तेव्हा फळ्यावर लिहिलंय तसं करा."

गवंडी पुढे सरकला. त्याच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. पुन्हा तोच प्रसंग, फक्त बाबांच्या जागी तो.

सरपंचबाईंनी शिंपिणीला विचारलं, "तुमचा वाफा शेजारी. तुम्ही काय बघितलं?"

शिंपिणीने गवंडिणीकडे एकदा बघितलं. तिचा राग अजून गेला नव्हता, ते दिसत होतं. "दुसऱ्याच्या वाफ्यात हात घालायचा नाही अशी सूचना आहे," ती म्हणाली. "मी नजरही घालत नाही."

थोडं हसू झालं. कारकून डावऱ्याकडे वळला. "आजोबा, तुम्हीच सांगा. या वाफ्यात काम कोण करतं?"

"मी करतो," डावरा म्हणाला. "सकाळी ही करते. दुपारचं पाणी माझं. खुरपणी माझी. मेथी मी टाकली होती."

गवंडिणीने डोळे मिटले.

"ऐकलंत?" कोंबडीवाला म्हणाला.

"म्हणजे वाफा तुम्ही कसता," कारकून म्हणाला.

"नाही. कसणारा वेगळा. मी मजूर आहे."

"मजूर? कोणाचा?"

"हिच्या सासूचा."

"अहो, बाबा," कोंबडीवाला बापाचा दंड धरून म्हणाला, "काय बोलताय? डोकं ठिकाणावर आहे का?"

डावऱ्याने दंड सोडवून घेतला. त्याला श्वास पुरत नव्हता, तरी तो सरपंचबाईंकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "लिहून घ्या. वाफा माझा नाही. मी मजुरीवर आहे."

कारकुनाने सवयीने विचारलं, "मजुरी काय ठरली?"

"आगाऊ घेतलीय," डावरा म्हणाला. "ओढ्याकाठचं शेत. तीस वर्षं झाली खाऊन. काम आत्ता करतोय."

हौदात पाणी पडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. कोंबडीवाल्याचं तोंड लाल झालं, तो बापाला न घेताच फाटकातून बाहेर पडला. गवंडी जमिनीकडे बघत उभा होता आणि त्याच्या मुठी हळूहळू सुटत गेल्या. कारकुनाने पेन वहीवर टेकवलं, पण यापुढे काय लिहायचं हे त्याला कळेना. सरपंचबाई म्हणाल्या, "वाफा गवंडिणीच्या नावे कायम. पुढे चला."

गवंडीण घरी पोचली तेव्हा म्हातारी दाराकडे तोंड करून बसलेली होती.

"गेला वाफा?"

"राहिला." आणि तिने सगळं सांगितलं.

म्हातारीने ते दोनदा सांगायला लावलं. "सगळ्यांसमोर म्हणाला?"

"हो."

"मजूर म्हणाला? स्वतःला?"

"तुमचा मजूर, म्हणाला."

"पोरगाही होता तिथं?"

"पोरासमोर."

म्हातारी भिंतीकडे बघत राहिली. सुनेला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. "आता का बोलला?" ती म्हणाली. "काहीतरी हवं असेल त्याला."

"काय हवं असणार, आई?" गवंडी म्हणाला. "शेडमध्ये खाट टाकलीय म्हणे पोराने त्याची. कोंबड्यांत."

"म्हणजे शेतातच निजतो," म्हातारी म्हणाली. दिवा लावायच्या वेळी तिने एकदम विचारलं, "त्याला बादली उचलत नाही?"

"अर्धा डबा आणतो. दोन्ही हातांनी."

"मग कामात कुचराई करणारच. मजुरावर नजर ठेवायला माणूस लागतं. उद्या मला घेऊन चल."

सकाळी शिंपीण दारात आली, उंबऱ्याबाहेरूनच चिंध्यांचं एक बोचकं आत टाकलं आणि म्हणाली, "टोमॅटोच्या काठ्या उंच झाल्यात. निळ्या नाहीत यात, बघून घे." गवंडीण म्हणाली, "चुकलं माझं." "ते माहीतच आहे," शिंपीण म्हणाली आणि आत येऊन बसली. पंचायतीच्या फळ्यावरची ती सूचना कारकुनाने बाहीनेच पुसली होती, अर्धीमुर्धी. उजव्या बाजूला नवी बातमी होती: 'बागेतील एका वाफ्यावर मजूर नेमण्यात आला आहे. न्हाव्यांच्या वाफ्यात पुन्हा पेरणी होणार आहे. इच्छुकांनी यावे.' हसायचं की नाही, ते लोकांना ठरवता आलं नाही.

दुपारी गवंड्याने आपली विटा वाहायची एकचाकी ढकलगाडी काढली, तिच्यात गोधडी घातली आणि आईला उचलून बसवलं. गावातून ती अशी गेली, की दोन्ही हात कडांवर आणि मान ताठ. बागेत डावरा उकिडवा बसून खुरपत होता. चाकाचा आवाज ऐकून त्याने वर बघितलं आणि हातातलं खुरपं खाली ठेवलं.

गवंड्याने गाडी बांधाशी उभी केली. म्हातारी त्याच्याशी बोलली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने वाफा बघितला. वांगी बघितली, मिरची बघितली, उजव्या बांधावरचा तणाचा ढीग बघितला. वाकून एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं आणि हात तसाच मातीत ठेवला.

"सूनबाई," ती म्हणाली, "त्या मजुराला सांग, पलीकडच्या कोपऱ्यात पाणी पोचलेलं नाही."

गवंडीण सांगणार, तेवढ्यात डावऱ्याने डबा उचलला होता. तो हौदाकडे निघाला. म्हातारी डोळ्यावर हात धरून त्याच्या प्रत्येक पावलाकडे बघत होती, आणि काठापर्यंत भरलेला डबा त्याने उचलताना पाणी सांडलं तेव्हा ती पुन्हा बोलली.

"अर्धाच भर म्हणावं. सांडतोय."